भांडण स्वस्तात पडतं

दोनेक वर्षांपूर्वी दुपारी साडेतीनच्या सुमारास मला एका वृत्तवाहिनीतून फोन आला. बोलणारा मुलगा तिथला गेस्ट कोऑर्डिनेटर होता. म्हणजे रात्रीच्या चर्चेसाठी पाहुणे गोळा करणारा. आवाजावरून पंचविशीतला वाटला. मागे कुणीतरी त्याच्याच नावाने ओरडत होतं.

"सर, आज नऊच्या शोला मराठी शाळा घेतोय. बंद पडतायत ना. तुम्ही त्यावर लिहिता असं कळलं. याल का?"

"येईन की."

"छान. तुम्ही बाजूने की विरोधात?"

"कशाच्या?"

तो जरा थांबला. "म्हणजे शाळा वाचवा म्हणणारे, की पालकांना इंग्रजी हवंय तर जाऊ द्या म्हणणारे?"

मी सांगायला लागलो, की वस्तीवरची वीस पोरांची शाळा आणि शहरातली पालिकेची शाळा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पालकांची इंग्रजीची ओढ खरी आहे, पण... इथे त्याने मला थांबवलं. अगदी आदराने थांबवलं, हे कबूल केलं पाहिजे.

"सर, म्हणजे तुम्ही मधले."

"साधारण तसंच."

"मधले आज नकोयत सर. दोन्हीकडे एकेकच जागा शिल्लक आहे."

रात्री मी टीव्ही लावला. जी खिडकी माझी व्हायची, तिच्यात एक गृहस्थ बसले होते. आदल्याच आठवड्यात ते कांद्याच्या निर्यातीवर तावातावाने बोलत होते. आज शाळांवर तेवढ्याच तावातावाने बोलत होते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मधला माणूस का नको असतो? लोकांना तमाशाच हवा असतो, हे उत्तर सगळे देतात आणि ते निम्मं खरंही आहे. माणसाचं डोकं भांडणाकडे वळतंच. वाड्यात दोन बायका नळावर कडाडल्या की सगळ्या खिडक्या उघडायच्या, त्याला टीआरपी लागत नव्हता. पण उरलेलं निम्मं उत्तर स्वभावात सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे.

मेळघाटातल्या एखाद्या शाळेवर चार मिनिटांची धड बातमी करायची तर गाडी हवी, बातमीदार हवा, कॅमेरामन हवा, दोन दिवस हवेत, मुक्कामाचा खर्च हवा. परत आल्यावर कुणीतरी बसून ती कापायची. आणि हाती काय, तर चार मिनिटं. याउलट सहा माणसं आपापल्या घरी लॅपटॉपसमोर बसवा. पक्षांचे प्रवक्ते पक्षच पाठवतो. बाकीचे बरेचसे चेहरा दिसतो म्हणून फुकट येतात. अँकरचा पगार तसाही चालूच असतो. एका विषयात एक तास भरून निघतो, जाहिरातींसकट. वाहिनी चोवीस तासांची आहे आणि बातम्या काही चोवीस तासांच्या होत नाहीत, तेव्हा मधली पोकळी कशाने तरी भरावीच लागते.

मात्र ही सहा माणसं एकमेकांचं ऐकून घेऊन "तुमचं बरोबर आहे, पण" असं बोलू लागली, तर प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला रिमोट उचलतो. म्हणून त्यांनी भांडलंच पाहिजे. आणि रोज भांडण लागायचं तर ते लावणारा कसबी माणूस हवा. आपल्याकडे त्याला कळीचा नारद म्हणतात. नारदमुनींवर हा अन्यायच आहे. त्यांनी लावलेल्या कळीतून शेवटी काहीतरी निष्पन्न तरी व्हायचं, आणि मधे जाहिरातींचा ब्रेक नसायचा.

छत कोसळलेली वाहिनी

ही युक्ती आपल्याकडची नाही आणि आजची तर नाहीच. अमेरिकेत १९६८ साली तीन मोठी टीव्ही नेटवर्क होती. एनबीसी, सीबीएस आणि तिसऱ्या नंबरावर, बरीच मागे, एबीसी. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणारी दोन्ही पक्षांची अधिवेशनं त्या ऑगस्टमध्ये होती, रिपब्लिकनांचं मायामी बीचला आणि डेमोक्रॅटांचं शिकागोला. पहिली दोन नेटवर्क परंपरेप्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळं दाखवणार होती. एबीसीला ते परवडणारं नव्हतं. त्यात मायामीत त्यांनी उभारलेल्या तात्पुरत्या स्टुडिओचं छतच खाली आलं.

एबीसीने रोज रात्री फक्त दीड तास द्यायचं ठरवलं, आणि त्या दीड तासात दोन माणसांना समोरासमोर बसवलं. एक विल्यम बकली. उजव्या विचारांचा संपादक, बोलताना भुवया उडवणारा, शब्दांचा शौकीन. दुसरा गोर विडाल. डावीकडे झुकलेला कादंबरीकार, तितकाच शिष्ट आणि तितकाच तिखट. दोघे एकमेकांना पाण्यात पाहायचे आणि हे एबीसीला ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच त्यांना बोलावलं होतं. दोन्ही अधिवेशनं मिळून दहा चर्चा व्हायच्या होत्या.

२८ ऑगस्टच्या रात्री शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस व्हिएतनाम युद्धविरोधी तरुणांना झोडपत होते. स्टुडिओत त्यावरच बोलणं चाललं होतं. विडालने बकलीला "क्रिप्टो-नाझी" म्हटलं, म्हणजे छुपा नाझी. बकली खुर्चीतून पुढे आला, विडालच्या समलैंगिकतेवरून शिवी हासडली आणि तोंड फोडीन म्हणाला. थेट प्रक्षेपणात. सूत्रसंचालक हॉवर्ड स्मिथ हतबल होऊन "सभ्य गृहस्थहो" वगैरे करत राहिला.

पुढे दोघांनी एकाच मासिकात एकमेकांवर लांबलचक लेख लिहिले आणि एकमेकांवर दावे ठोकले. ती कोर्टबाजी १९७२ पर्यंत चालली. बकलीला त्या रात्रीची शेवटपर्यंत लाज वाटत राहिली म्हणतात. एबीसीला वाटण्याचं कारण नव्हतं. तिचे प्रेक्षक वाढले होते. पुढच्या काळात बाकीच्यांनीही अधिवेशनं अथपासून इतिपर्यंत दाखवणं हळूहळू सोडलं.

मला या प्रसंगातली शिवी तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. ज्या नेटवर्कला बातमी परवडत नव्हती, त्याने भांडण विकत घेतलं, आणि ते खपलं, ही त्यातली खरी गोष्ट. आणखी एक. बकली आणि विडाल दोघेही खरोखर वाचलेले, विचार केलेले लोक होते. नंतरच्या नकलांमध्ये नेमकं तेवढंच गळलं.

रेडिओची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. वादग्रस्त विषयावर दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे, असा अमेरिकेत प्रसारकांसाठी १९४९ पासून नियम होता. १९८७ मध्ये तो गेला. गाणी तोवर एफएमवर निघून गेली होती आणि एएम केंद्रं ओस पडत चालली होती. १९८८ च्या ऑगस्टमध्ये रश लिंबॉचा दुपारचा तीन तासांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. केंद्रांना तो जवळपास फुकट मिळायचा. बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं द्यायची, एवढंच. एक माणूस, एक माइक आणि उदारमतवाद्यांबद्दलचा न संपणारा संताप. मोडकळीला आलेल्या केंद्राला यापेक्षा स्वस्त काय मिळणार?

मीटरला शिव्या ऐकू येत नाहीत

आता आपल्याकडे येऊ. टीआरपी हा शब्द सगळे वापरतात, पण तो मोजतात कसा हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१५ पासून हे काम बार्क नावाची संस्था करते. निवडलेल्या घरांत टीव्हीपाशी एक मीटर असतो. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. ती ओळखून मीटर नोंदवतो की या घरात आत्ता अमुक वाहिनी चालू आहे. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर वेगळं बटण असतं. टीव्हीपुढे बसताना ते दाबायचं.

२०२० च्या आसपास असे मीटर सुमारे ४४,००० घरांत होते. बार्कच्याच २०१८ च्या पाहणीनुसार देशात टीव्ही असलेली घरं होती १९ कोटी ७० लाख. भागाकार करून पाहा. मीटरवालं एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने टीव्ही पाहत होतं. मनोरंजन वाहिन्यांना प्रेक्षक प्रचंड, तिथे चारदोन घरं इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. इंग्रजी बातम्या पाहणारे मुळात मूठभर. तिथे काही घरांनी वाहिनी बदलली की पहिल्या-दुसऱ्या नंबराची उलथापालथ. आणि दर गुरुवारी आकडे यायचे. दर आठवड्याला निकाल लागणाऱ्या शाळेत मुलं काय शिकतील, तसं हे.

आता या यंत्राची गंमत पाहा. तुम्ही चर्चा आवडीने पाहताय, की "काय मूर्ख माणूस आहे हा" म्हणत दात-ओठ खात पाहताय, हे मीटरला कळत नाही. त्याला वाहिनीचा आवाज ऐकू येतो, तुमच्या शिव्या नाहीत. रागावलेला प्रेक्षक आणि भक्त प्रेक्षक दोघांची मिनिटं सारखीच भरतात. उलट रागावलेला थोडा जास्तच थांबतो, कारण आपल्या बाजूचा माणूस आता याला कसं उत्तर देतो, ते त्याला पाहायचं असतं. आणि त्या माणसाला उत्तर पुरं करू दिलं जात नाही. ही चूक नाही. उत्तर पूर्ण झालं तर तुम्ही समाधानाने उठून जेवायला जाल.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन आरोप केला, की मीटर असलेल्या काही घरांना महिन्याला चारपाचशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं. बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं. खटल्याचं पुढे काही झालं नाही. राज्य सरकारने तो मागे घ्यायची परवानगी मागितली आणि २०२४ मध्ये कोर्टाने ती दिली. तेव्हा कोण दोषी, हा प्रश्न इथे नाही. पण महिन्याच्या चारपाचशे रुपयांत देशातल्या चर्चेचा सूर बदलू शकतो, हे कुणालाच अशक्य वाटलं नाही, ते बोलकं आहे.

भांडण लावायची कारागिरी एकदा जवळून पाहिली की प्रत्येक वेळी ओळखू येते. विषयाला आधी प्रश्नचिन्ह लावतात. "अमुकने तमुकचा घात केला" म्हटलं तर तो आरोप झाला, पुरावा द्यावा लागेल. "अमुकने तमुकचा घात केला?" म्हटलं की आपण नुसतं विचारतोय. मग पाहुण्यांत दोन्ही टोकांचा सर्वांत चढा माणूस निवडतात. त्या त्या बाजूचे शहाणे लोक त्याला आपला मानत नसले तरी पडद्यावर तोच त्या अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी होतो. मग माइक. कुणाचा आवाज चढवायचा आणि कुणाचा उतरवायचा, ते कंट्रोल रूमच्या हातात असतं. मागे ज्वाळांची ग्राफिक्स. यातलं प्रत्येक काम पाचदहा मिनिटांचं आहे.

१४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत मुंबईत वांद्र्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. पुढचे तीनचार महिने रात्रीच्या चर्चांना दुसरा विषय नव्हता. खून झाला, तो कुणी केला, काळी जादू होती का, हे सगळं स्टुडिओत ठरत होतं. ३१ ऑगस्टला सरकारी आकडे आले की एप्रिल ते जूनच्या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आक्रसलंय. करोनाचे रुग्ण रोज हजारोंनी वाढत होते. पण आक्रसलेल्या उत्पन्नावर भांडण लावणं अवघड. त्याला चेहरा नसतो. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती, तिला चेहरा होता.

ऑक्टोबरमध्ये एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, की तपास चालू असताना चालवलेला असा माध्यमांमधला खटला न्यायाच्या कामात ढवळाढवळ करतो. रिपब्लिक आणि टाइम्स नाऊ यांचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी कोर्टाचा अवमान ठरतं, असंही म्हणालं. कारवाई मात्र केली नाही. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तोवर पाच वर्षं होत आली होती. त्या अहवालावर किती रात्री चर्चा झाल्या, तुम्हीच आठवून पाहा.

बिल कुणाच्या नावावर

वाहिन्यांनी स्वतःच नेमलेली एक नियामक संस्था आहे. २०२३ मध्ये तिचा जास्तीत जास्त दंड होता एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी यावर बोट ठेवलं. पंधरा वर्षांपूर्वी ठरवलेला हा दंड भीती तरी कशी घालणार, तो त्या कार्यक्रमाच्या नफ्याच्या हिशेबात हवा, असा त्यांचा सूर होता. साधा व्यवहार आहे. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड पार्किंगच्या भाड्याहून कमी असेल, तर माणूस दंडच भरत राहतो.

भांडण स्वस्तात पडतं ते लावणाऱ्याला. त्याची किंमत असतेच, फक्त बिल तिसऱ्याच्या नावावर फाटतं. हे सगळ्यात उघडपणे दिसलं ते रेडिओ-इंटरनेटवर कार्यक्रम चालवणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स जोन्सच्या खटल्यांत. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकट राज्यात न्यूटाउन गावच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. जोन्स आपल्या कार्यक्रमात सांगत राहिला, की असं काही घडलंच नाही, हे बंदुकांवर बंदी आणण्यासाठी रचलेलं नाटक आहे आणि रडणारे आईबाप नट आहेत. त्याच्या श्रोत्यांनी या आईबापांना गाठून धमक्या दिल्या. मेलेलं सहा वर्षांचं पोर खरंच होतं, याचा पुरावा मागितला. काहींना घरं बदलावी लागली.

जोन्सला यातून काय मिळत होतं? त्याचा मोठा धंदा कार्यक्रमातल्या जाहिरातींचा नव्हता. तो गोळ्या-पावडरी विकत होता. शक्तिवर्धक, शुद्धिकारक वगैरे, आणि जोडीला प्रलयाच्या दिवसांसाठी साठवायचं खाणं. आधी घाबरवायचं, मग घाबरलेल्याला औषध विकायचं. २०२२ च्या टेक्सासमधल्या खटल्यात पुरावा आला, की काही दिवशी ही विक्री आठ लाख डॉलरपर्यंत गेली होती. म्हणजे एका दिवसाचे पाच कोटी रुपयांहून जास्त. कनेक्टिकटच्या ज्युरीने त्याच वर्षी त्याला ९६.५ कोटी डॉलर भरपाई ठोठावली. बिल योग्य पत्त्यावर पोचल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. त्यालाही दहा वर्षं लागली, आणि जोन्सने दिवाळखोरी जाहीर केली.

मग कडक बोलणारा प्रत्येक जण कळलाव्याच का? तसं म्हणणं महाराष्ट्रात तरी शोभणार नाही. आपली पत्रकारिता वादातच वाढली. टिळक-आगरकरांनी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध लिहिलं आणि १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी पुढे 'सुधारक'मधून पुण्याच्या सनातन्यांना इतकं डिवचलं, की लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. हा वाद टिळक-आगरकरांना स्वस्तात पडला नव्हता. आणि संमतिवयावर लिहिणाऱ्या आगरकरांचं मत पुढच्या आठवड्यात विषय बदलला म्हणून बदलत नव्हतं. मी आता टीव्हीवर किंवा यूट्यूबवर कुणी आग ओकताना दिसला की दोनच गोष्टी पाहतो. हा माणूस गेल्या महिन्यात ज्यावर पेटला होता, त्याचं पुढे काय झालं हे त्याने एकदा तरी सांगितलं का? आणि तो बोलतोय त्यात त्याचं स्वतःचं काय पणाला लागलंय?

टीव्ही तर आता जुना झाला. फोनवर हाच हिशेब अजून स्वस्त होतो. स्टुडिओ नको, अँकरचा पगार नको. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. ज्या पोस्टवर लोक चिडतात, ती जास्त लोकांपुढे जायची. २०२० मध्ये कंपनीने रागाचं वजन शून्यावर आणलं. २०१७ च्याच एका अभ्यासात न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं होतं, की राजकीय ट्विटमध्ये नैतिक भावनेने भरलेला एकेक शब्द वाढला की ते सुमारे २० टक्के जास्त पसरतं. हे वाचून संशोधक चिंतेत पडले. पुष्कळ लोकांनी ती पाककृती म्हणून वाचली.

तो गेस्ट कोऑर्डिनेटर मला गेल्या दिवाळीत एका मित्राकडे भेटला. वाहिनी सोडून आता एका बिल्डरच्या ऑफिसात होता. रात्री साडेआठला घरी येतो म्हणाला, आणि हे सांगताना खूश होता. मी त्याला त्या फोनची आठवण करून दिली. त्याला काही आठवेना. रोज असे चाळीस फोन व्हायचे, त्याचीही चूक नाही. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, म्हणाला बघू, नंबर असेल तुमचा. सगळे पाहुणे त्याने विषयवार सेव्ह केले होते, नावापुढे दोन शब्दांत शेरा. 'शेती – बाजूने.' 'आरक्षण – विरोधात.' 'कुठलाही – पेटतो.' या शेवटच्या शेऱ्याची माणसं बरीच होती. कांदेवाले गृहस्थ त्यातच होते.

मी सापडलो. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'शाळा – थंड.'